फिरतीवरचा चहा

कपबशी पुढे आली तसा या वस्तीची फिरती नुकतीच मिळालेल्या इनामदार नर्सबाईंनी हात आडवा धरला. "सोनाआक्का, आज चहा नको हो."

महिन्यापूर्वीच मधुमेहापायी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा कापावा लागला होता. "घरी मी बिनसाखरेचाच पिते," असं त्यांनी छातीठोकपणे सांगितल्यावर डॉक्टरांनी विचारलं होतं, "आणि फिरतीवर?" फिरतीवर रोज दहा घरं, दहा कप, आणि प्रत्येकात पाहुणचाराची चार चमचे साखर. ती त्यांनी कधी मोजलीच नव्हती.

सोनाआक्कांचा हात जागीच थांबला. "तुमच्या आधीच्या बाईंचंही आमच्या वस्तीत आलं की पोट बिघडायचं," आक्का म्हणाल्या. "वरच्या आळीत मात्र दोन-दोन कप चालायचे." आवाजात राग नव्हता, सवय होती. पदराने बशीची कड पुसून त्यांनी कप मागे घेतला.

साखरेचं सांगायला नर्सबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. तेही निमित्तच वाटलं असतं.

"आणा इकडे," नर्सबाई म्हणाल्या. पाकासारखा चहा त्यांनी आक्कांच्या डोळ्यांसमोर शेवटच्या घोटापर्यंत संपवला, आणि बँडेज बांधलेला पाय हळूच खाटेखाली सरकवला.