आण्णांचा फोन

"आण्णा, मी हे फकस्त तुमास्नी सांगितलं हुतं!"

चिमणाबाई पायरीवरूनच कडाडल्या. चपला काढायचंही भान त्यांना नव्हतं. शिवाजी पेठेतल्या त्या साड्यांच्या दुकानात भर दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, हे बरंच होतं म्हणायचं.

आण्णा गादीवर बसले होते. त्यांनी हात जोडले आणि समोरची जागा दाखवली. चिमणाबाई बसल्या नाहीत. कसबा बावड्याहून रिक्षा करून त्या भांडायला आल्या होत्या, आणि भांडायला आलेलं माणूस आधी बसलं की निम्मं भांडण तिथंच संपतं.

"परवा फोनवर तुमीच इचारलासा, घरात काय कार्य हाय का म्हणून. मी म्हटलं, आमच्या अनुजाचं शिरोलीला जमतंय. शालू कसला आवडंल पोरीला, म्हणालासा. मी म्हटलं, हलका असूं दे, ल्हानपणी काळजाचं ऑपरेशन झालंय तिचं, वजन झेपत न्हाय. पर सुपारी फुटूस्तवर कुणाजवळ बोलू नगा. पावण्यास्नी मी सोता बसून सांगणार हाय. तवा काय म्हणालासा? माझ्या पोटात ऱ्हाईल, म्हणालासा. व्हय का न्हाय?"

आण्णांनी गोंधळून मान हलवली.

"आणि आज शिरोलीची इहीणबाई फोन करून मला म्हणती, शालूवाल्या आण्णांनी सांगितलं म्हणून कळलं, न्हायतर आजारी पोरगी आमच्या गळ्यात बांधली असती. रविवारची सुपारी ऱ्हाऊ द्या म्हणाली. सकाळधरनं पोरीनं दार लावून घेतलंय. बोला की आता!"

आण्णांनी शर्टाची वरची गुंडी काढली. गळ्यावर पांढरी पट्टी होती, मधोमध श्वासासाठी ठेवलेलं भोक. ते काहीतरी म्हणाले. ओठ हलले, भोकातून नुसती हवा आली.

चिमणाबाईंचा राग जागच्या जागी थिजला. "हे कवा झालं?"

"दिवाळीच्या आधी," गल्ल्यामागून आण्णांचा मुलगा राजवीर म्हणाला. "स्वरयंत्र काढलंय, काकू. आण्णा आता बोलू शकत न्हाईत."

"मग परवा माझ्याशी कोण बोललं?"

राजवीरनं समोरच्या लॅपटॉपकडे बघितलं. "ऑपरेशनच्या आधी आण्णांचा आवाज भरून घेतला होता. सगळं दुकान या आवाजावर चाललं की हो आजवर. आता एआय बोलतंय त्यांच्या आवाजात. एकेका गिऱ्हाइकाला नाव घेऊन फोन करतंय. कुणी काय नेलं, कुणाच्या घरात काय हाय, सगळं ध्यानात ठेवतंय. त्यावरून ज्याला जे लागेल ते सुचवतंय."

"पर शिरोलीला कशापायी सांगितलं?"

"शिरोलीचे बी आपलंच गिऱ्हाईक, आणि शालू मुलाकडचे घेतात न्हवं? ते मीच शिकवलं त्याला." राजवीर क्षणभर अडखळला. "हलका शालू का घ्यायचा, ते त्यांना पटवून दिलं त्यानं." त्याच्या बोलण्यात कौतुक डोकावलं. त्याचं त्यालाच ते जाणवलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

आण्णांच्या तोंडावरचा रंग उडाला. आपला आवाज साड्यांचे भाव सांगतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पेन उचललं, कागद ओढला आणि तसाच ठेवून दिला. चिमणाबाईंना अक्षर वाचता येत नाही, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मग त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं आणि मुलाच्या तोंडापुढे जोरजोरात हात हलवला. बंद कर.

"आत्ता कसं बंद करू, आण्णा? लग्नसराई हाय. या घडीला किती घरांत बोलत असंल, मला तरी कुठं ठावं हाय."

तेवढ्यात चिमणाबाईंच्या पिशवीतला फोन वाजला.

"उचलू नका, काकू," राजवीर म्हणाला.

त्यांनी उचलला. ऐकायला कमी येतं म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजात असायचा. दुकानभर आण्णांचा तो ओळखीचा, घसघशीत आवाज घुमला.

"चिमणाबाई, आण्णा बोलतोय. शिरोलीचं कळलं मला. लई वाईट वाटलं बगा."

चिमणाबाईंनी समोरच्या आण्णांच्या तोंडाकडे बघितलं. ते मिटलेलं होतं.

"अनुजा जेवली का?" फोननं विचारलं.

सकाळपासून एवढं कुणीच विचारलं नव्हतं. चिमणाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "न्हाय ओ. दारच उघडंना."

"तिला म्हणावं, आण्णा हाय. एक स्थळ हाय माझ्या बघण्यात, गडहिंग्लजचं. आपलीच गिऱ्हाइकं हायत. ऑपरेशनचं त्यांच्या कानावर घातलंय मी, त्यास्नी चालतंय. आणखी काय असंल पोरीचं, तर मला आत्ताच सांगून टाका. म्हंजे मागनं घोळ नको."

आण्णा धडपडत उठले. बोलू नका, बोलू नका, असे हात ते करत होते. चिमणाबाई भिंतीकडे वळल्या, त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि फोन तोंडाशी धरला. आण्णांनी कापड मोजायची लोखंडी पट्टी उचलून गल्ल्यावर आपटली. एकदा, मग पुन्हा.

चिमणाबाईंनी मागं न बघताच हात वर केला.

"जरा गप बसा की," त्या म्हणाल्या. "आण्णा बोलाय लागल्यात."