पंख्याचा तिसरा भाग

"पंख्यानं हसायला नाय पायजे," बन्सी पुन्हा म्हणाला. "हसला की संपलं."

"काहून? हसला तर पंख गळत्यात का त्याचे?" मल्हारीनं विचारलं. एसटीतले पुढच्या बाकावरचे दोघं वळून हसले.

पंख्या म्हणजे विलायती पिक्चरमधला लोखंडी पंखांचा गडी. त्याचं इंग्रजी नाव चिकलठाण्याच्या कारखान्यात कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला पंख्या करून टाकलं होतं. त्याचे दोन भाग येऊन गेले, दोन्हींत त्यानं तोंडावरची सुरकुती हलू दिली नाही. तिसऱ्यात मात्र गडी पार बदलला. दारात पंख अडकून पडतो काय, गुंडांना वाकुल्या दाखवतो काय! रविवारच्या मॉर्निंग शोला अख्खी पहिली पाळी शिट्ट्या मारत होती. एकटा बन्सी मध्यांतरातच उठून गेला.

आणि हा बन्सी कोण, तर कारखान्यातला सगळ्यात नकल्या माणूस. सुपरवायझरची चाल करून दाखवावी ती त्यानंच. त्यानं तोंड उघडलं की चहाच्या सुट्टीत लोकांच्या नाकातून चहा यायचा. अशा माणसाला पंख्याचा विनोद का सोसवेना, हे मल्हारीला काही केल्या उमगत नव्हतं.

"पैल्या भागात ते समदे त्याला घेरत्यात," बन्सी म्हणाला. "नाव इचारत्यात. इंग्रजी आपल्याला कुठं कळतं, पर नाव कळतं. तो निस्तं नाव सांगतो, अन् समदे मागं सरकत्यात."

"अन् तिसऱ्यात घेरत्यात तवा त्यांला हसवून हसवून निसटतो! डोकं चालवलं का नाय गड्यानं?"

मल्हारीनं हा वाद मुद्दामच उकरून काढला होता. गप्प बसलं की नको ते मनात यायचं. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून गावोगाव माणसं एकमेकांच्या अंगावर धावत होती. बौद्ध वस्त्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या रोज येत होत्या. बन्सी बौद्ध. "दिस वाईट हायेत, मागाहून येतो," असं तो म्हणालाही होता. पण पिशोरला मल्हारीच्या बहिणीची हळद, आणि पाच वर्षं एका मशीनवर काढलेला दोस्त नाही म्हणजे काय! "मी हाये ना संगं," मल्हारीनं छातीवर हात मारून सांगितलं होतं.

गाडी कचकन थांबली. एका फाट्यावर रस्त्यात बैलगाडी आडवी लावली होती. पंचवीस-तीस माणसं, हातात काठ्या. चौघं वर चढले.

"एकेकानं नाव सांगायचं. आडनावासकट."

या गाडीचा नेहमीचा कंडक्टर कचरू भल्यामोठ्या मिशांचा, पण मवाळ माणूस. तो हात जोडून काही बोलू लागला, तर त्याला ढकलून बाकावर बसवलं. बाकामागून बाक नावं होत आली. मल्हारीनं आपलं नाव सांगितलं. त्याला कुणी काही केलं नाही.

"अन् ह्यो? तुझ्या संगं हाये का?"

माझा भाऊ हाये. एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आलेही होते. पण काठीचं टोक मल्हारीच्या गुडघ्यावर टेकलं होतं. तो आपल्या चपलांकडे बघू लागला. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती, तरी मान काही वर होईना.

"तुला इचारतोय रं. नाव काय?"

बन्सी उठला. खांद्यावरचा टॉवेल त्यानं डोक्यावरून ओढून घेतला, त्याचं टोक दातात धरलं आणि अंग चोरून लाजला.

"अगं बाई! असं चारचौघांत नाव घ्यायचं? मला नाय बाई जमायचं!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. काठीवाला गोंधळला. बन्सी मुरकत मुरकत कचरूपाशी गेला, त्याच्या मिशीवरून बोट फिरवलं आणि नव्या नवरीच्या आवाजात म्हणाला,

"ड्रायव्हर दाबतो भोंगा, कंडक्टर मारतो बेल,
कचरूरावांचं नाव घेते, गाडी केव्हा पोचेल?"

गाडीत हसू फुटलं. कचरू कानापर्यंत लाल झाला, त्यानं आणखीच हसू. खालची माणसं खिडक्यांना लोंबकळून बघू लागली. "आजून एक! आजून एक घे!" बन्सीनं आणखी एक उखाणा घेतला. त्यांनी नाचायला सांगितलं, तो नाचला. जाता जाता एकानं त्याच्या ढुंगणावर काठी मारली आणि डोळे पुसत म्हणाला, "बस खाली, येडं कुठलं!"

नाव पुन्हा कुणी विचारलं नाही. बैलगाडी बाजूला झाली.

गाडी हलली तरी लोक पोट धरून हसत होते. मल्हारीही हसत होता. हसता हसता त्याला रडू येत होतं. दोस्त वाचला होता, आणि आपण मान खाली घातली होती. त्यानं बन्सीच्या पाठीवर थाप मारली.

"लेका, तिसऱ्या भागातल्या पंख्यावानी सुटलास की! आता तरी पटलं का?"

बन्सी टॉवेलाची घडी घालत होता. घडी नीट बसेना. दातात धरलेलं टोक त्यानं आत दुमडून टाकलं.

"ते मी ल्हानपनापासून करतोय, मल्हारी," तो म्हणाला. "तिकीट काढून बी तेच बघू व्हय?"