गाळलेलं वर्ष

चर्चच्या तळघरात हशा पिकला आणि आर्लनला धन्य वाटलं. चाळीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, पण तिथे पोरं जांभया द्यायची. इथे मात्र लुटेफिस्कचं, त्या लिबलिबीत माशाचं, वार्षिक जेवण हादडून बसलेलं अख्खं गाव पोट धरधरून हसत होतं.

पडद्यावर दोन रेषा होत्या. एक, दर डिसेंबरात या जेवणाला खपलेल्या ताटांची. दुसरी, त्याच हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला नेलेल्या आणि बर्फ फुटून बुडालेल्या ट्रकांची. दोन्ही कशा जोडीनं वर चढत होत्या.

"म्हणजे आम्ही इथे चापून खातो, जड होतो आणि बर्फ फोडतो, असंच ना रे?" डेलबर्ट ओरडला. त्याचा ट्रक दोनदा बुडाला होता.

"वाटतं ना तसं? पण काडीचा संबंध नाही!" आर्लन म्हणाला. "दोन रेषा सोबत दिसल्या, की लगेच त्यांचं लग्न लावू नका."

पुन्हा हशा. मार्लिस किटली घेऊन कॉफी ओतत फिरत होती. ती पडद्यापाशी थांबली आणि खाली लिहिलेली वर्षं बोटानं मोजू लागली.

"दोन हजार अकरा कुठंय?"

"अगं, ते गाळलं," आर्लन हसत म्हणाला. "त्या वर्षी ट्रक सगळ्यात जास्त बुडाले आणि ताटं सगळ्यात कमी गेली. साऱ्या गमतीचा विचका करत होतं मेलं!"

कुणीच हसलं नाही. डेलबर्ट आपल्या कपात बघत बसला.

"ताटं का कमी गेली, ठाऊक आहे ना?" मार्लिसचा आवाज जराही चढला नव्हता. "गुरुवारी माझ्या वॉलेसचा ट्रक बुडाला. वॉलेस आतच होता. शनिवारी इथे जेवण होतं, पण निम्मं गाव माझ्या घरी बसलं होतं."

आर्लनचे कान तापले. इतक्या वर्षांत ज्या एका वर्षी ताटांचा आणि ट्रकांचा खरोखर संबंध होता, नेमकं तेच त्यानं पुसलं होतं. तेही घरी आरामात बसून, आपल्याच हुशारीवर खूश होत. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"मार्लिस, मी... माझ्या लक्षातच आलं नाही गं."

"असू दे." तिनं त्याचा कप काठोकाठ भरला. "तूही आला होतास की त्या दिवशी. भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश घेऊन. भांडं अजून माझ्याकडेच आहे, तळाशी तुझ्या नावाची पट्टी आहे त्याच्या. ये एकदा, घेऊन जा."