न दुखणारा दात

"दात काय म्हणतोय तुमचा?" शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं.

नवी बाई मनातल्या मनात टाळी वाजवून मोकळी झाली. सापडली! म्हणजे चुगली करणारी गणिताची बाईच. तोंडावर गोड गोड हसते, 'काही लागलं तर सांग गं' करते, आणि मधल्या सुट्टीत या केबिनमध्ये येऊन सगळं ओकते.

दात दुखतोय हे नव्या बाईनं फक्त गणिताच्या बाईला सांगितलं होतं. आणि दात दुखत नव्हताच.

झालं असं, की मागच्या आठवड्यात मोठ्या बाई सहज बोलल्यासारखं बोलल्या, "रात्री फोनवर रडता म्हणे? मन रमत नाही का आमच्या देशात? आधीची इंग्रजीची बाई पण अशीच रडायची. वर्ष अर्ध्यावर टाकून गेली. पोरांनी काय करायचं मग?"

नव्या बाईचं तेव्हाच डोकं फिरलं होतं. हो, रडते. लेक तिकडं आजीजवळ आहे, रोज फोनवर 'आई, मला कधी नेणार?' विचारते, तर काय नाचू? इथं तिची भाषा एका माणसाला कळत नाही. पण रडणं काय, भिंतीतून पण कळतं. आणि नोकरी पक्की झाल्याशिवाय लेकीला आणता येत नव्हतं. पक्की करणं मोठ्या बाईंच्या सहीवर अडलेलं.

चुगली करणारी कोण? भिंतीपलीकडच्या खोलीत गणिताची बाई, आणि खालच्या मजल्यावर घरमालकीण. तिसरं कोणी नाही. म्हणून नव्या बाईनं एकीला सांगितलं दात दुखतोय, दुसरीला सांगितलं गुडघा. जे दुखणं मोठ्या बाईंच्या तोंडून बाहेर पडेल, ते जिला सांगितलं तीच चुगलखोर.

"बराय आता दात," नवी बाई म्हणाली. आता फक्त गणितवालीला धरायचं आणि सोलायचं.

"आणि गुडघा?"

गुडघा तर फक्त घरमालकिणीला सांगितला होता. दोघीही?

मोठ्या बाईंनी खुर्ची पुढं ओढली. "येताना तुम्ही डॉक्टरचा दाखला दिलात. तब्येत ठणठणीत, काही तक्रार नाही. आता दात काय, गुडघा काय. एवढ्यात एवढं मोडतं का हो माणूस? की दाखलाच तसला आहे?"

दुखत नाही म्हणावं, तर आपण खोटारडे. दुखतं म्हणावं, तर दाखला खोटा. नवी बाई स्वतःच्याच सापळ्यात बोट घालून बसली होती.

"गुडघा जिन्यात आपटला होता. त्याचं काही नाही."

"आणि दात?"

नवी बाई दातासाठी कारण शोधू लागली.

मोठ्या बाई तिच्याकडं बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "थांबा थांबा. दात रात्रीचाच ठणकतो ना? म्हणजे तुम्ही रात्री रडायचात ते…"

नव्या बाईनं पटकन गालाला हात लावला. "दातानंच! नाहीतर मी कशाला रडू? मला तर इथं फार आवडतं."

शेवटचं जरा जास्तच झालं. मोठ्या बाई हसल्या, पण डोळे काही हसले नाहीत.

"मग आधी नाही का सांगायचं! आजच काढून टाका. दात गेला की रडणं गेलं, आणि रडणं गेलं की माझी सही झालीच समजा. त्या दोघी येतील तुमच्याबरोबर."

"कशाला? मी जाते की एकटी."

"छे! अशा वेळी जवळ माणूस लागतं."

काळजी होती की पहारा, आवाजावरून काही पत्ता लागेना.

संध्याकाळी दातांच्या डॉक्टरकडं दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. गणिताच्या बाईनं तिची पर्स धरली, घरमालकिणीनं तिची शाल. घरी जिन्यात समोरासमोर आल्या तरी या दोघी कधी 'अगं' म्हणत नाहीत, आणि इथं खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या.

"घाबरू नकोस गं," घरमालकीण म्हणाली. "आमचे हे तर डॉक्टरच्या खुर्चीतून गळ्यातल्या फडक्यासकट पळाले होते."

"आम्ही आहोत ना बाहेर," गणिताची बाई म्हणाली. "कुठं जात नाही आम्ही."

तेच तर, नवी बाई मनात म्हणाली.

आत खुर्ची मागं कलली. दार नीट लागत नव्हतं. फटीतून शालीचं टोक दिसत होतं, आणि दोघींची कुजबुज येत होती. शब्द काही कळत नव्हते.

"कुठला?" डॉक्टरनं विचारलं.

नव्या बाईनं जिभेनं सगळे दात चाचपले. एकही दुखेना. शेवटी मागचा एक निवडला, हसताना दिसणार नाही असा, आणि त्याच्यावर बोट ठेवलं.

डॉक्टरनं बारक्या आरशात पाहिलं. टकटक केलं. परत पाहिलं. त्याचा आवाज मूळचाच मोठा.

"अहो, हा तर दगडासारखा आहे! याला काय झालंय?"

बाहेरची कुजबुज एकदम थांबली.

नव्या बाईनं फटीकडं पाहिलं. शालीचं टोक जरा पुढं सरकलं होतं. तिनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, आणि बाकापर्यंत नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"फार दुखतोय हो डॉक्टर. काढा."