ताटातलं नाव

कोंडाण्यांच्या घरी नवी सून आली. नवरदेव जितेशने ताटातल्या तांदळांत अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, 'जान्हवी'. तिने हात फिरवून ते मोडलं आणि त्याच्याकडून अंगठी घेऊन 'सुरभी' लिहिलं.

"माझं हाय तेच बरं हाय."

बायका कुजबुजल्या, सासूच्या तोंडाकडे बघू लागल्या. आनंदीबाईंनी सुनेकडून अंगठी घेतली. त्यांच्या लग्नात नवऱ्याने याच ताटात त्यांना 'आनंदी' केलं होतं. आज त्यांनी 'सुरभी'खाली 'हौसा' लिहिलं. कुणीतरी मागून हाक मारल्यासारखं वाटून त्या वळल्या.

मागे कुणीच नव्हतं.

त्यांच्या नवऱ्याने, सहदेवरावांनी, वाकून ताटात पाहिलं.


"ही हौसा कोण गं?"