हिरवा पट्टा

केतकीच्या मनगटावरचा पट्टा सकाळपासून हिरवा होता. दहावीच्या सगळ्या मुलींना तो घालावाच लागे. जगणं नकोसं वाटायला लागलं, की तो लाल व्हायचा आणि आईच्या फोनवर निरोप जायचा. "पोटात दुखतंय," म्हणून लेक घरी राहिली, तरी हिरवा रंग बघून आई निर्धास्त कामावर गेली.

शाळेच्या मधल्या सुट्टीच्या वेळी दार वाजलं. दारात वर्गातली मैत्रीण रुक्सार! पंधरवड्यापूर्वीच्या भांडणानंतर दोघींची कट्टी होती.

"मी बरी आहे. पट्टा बघ," केतकी म्हणाली.

"कालच शाळेत बघितला, म्हणूनच आले. काल अख्ख्या वर्गाने तुला ग्रुपमधून काढलं, आणि तुझा पट्टा हिरवागार? मनातल्या मनात सतराचा पाढा घोकला की पट्टा फसतो, हे तुला शिकवलं कुणी? मीच ना, गधडे? थांबव तो पाढा. तसाही अर्ध्यात चुकतेस."

केतकीला हसू आलं, आणि हसता हसताच ती रुक्सारच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. पट्टा लालभडक झाला. लगेच फोन वाजला. आईच होती.

"उचल," रुक्सार म्हणाली. "खरं काय ते सांग. मी इथेच बसलेय."