उबेची जागा

खाणीचे मॅनेजर आसुटकर नकाशाची गुंडाळी काखेत मारून शेतात आले आणि थबकले. खालची कोळशाची खाण बंद झाली होती. वरची जमीन आज चंद्रकलाला परत द्यायची होती. आणि तिनं एवढ्या थंडीत बाळाला नुसत्या दुपट्यावर, मातीवर निजवलं होतं.

“गारठेल ना गं ते.”

“नाही साहेब, इथं जमीन गरम राह्यते,” ती कौतुकानं म्हणाली. “गावातले कुत्रेबी इथंच येऊन झोपतेत.”

त्यांनी नीट पाहिलं. साऱ्या गवतावर दव होतं, दुपट्याभोवतीची माती मात्र कोरडी ठाक. वाकून त्यांनी तळहात टेकवला. ही जमीन खचू नये म्हणून खाली खाणीत सोडलेले कोळशाचे खांब पेटले होते.

चंद्रकला जवळ येऊ लागली.

“तिथंच थांब,” ते हळूच म्हणाले.

“काहून? साप हाये का?”

त्यांनी बाळ उचलून छातीशी धरलं. दुपटं चांगलंच उबदार झालं होतं. नकाशातला एकेक खांब त्यांना तोंडपाठ होता. त्यातला कोणता अजून उभा आहे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी पाय उचलला.